ट्यून केलेल्या मोटारीचा काळा धूर नेमका कशाचा?

प्रतिनिधी

सायंकाळी सात-साडेसातची वेळ. कल्याण-बदलापूर मार्गावर उल्हासनगरच्या शांतीनगरपासून १७ सेक्शनपर्यंत आणि पुढे अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यापर्यंत वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. रांगेत जरा जागा होते, एखादी छोटी डिझेल मोटार जोरात उचल घेते आणि तिच्या सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट भसकन बाहेर पडतो. मागचा दुचाकीस्वार नाकावर रुमाल दाबतो, रिक्षातील प्रवासी तोंड फिरवतात. मोटारीच्या चालकाच्या चेहऱ्यावर मात्र समाधान असते. गाडी ‘ट्यून’ केल्याची ती जाहिरातच असते म्हणा ना!

काळा धूर म्हणजे ताकद, असा समज तरुण वाहनप्रेमींच्या एका वर्गात घट्ट रुजलेला आहे. इंजिनाचे शास्त्र नेमके उलटे सांगते. सायलेन्सरमधून दिसणारा काळा धूर हे इंजिनात गेलेले, पैसे मोजून घेतलेले, पण नीट न जळलेले इंधन होय. ते चाकांपर्यंत पोहोचलेच नाही. पोहोचले ते मागच्या माणसाच्या फुफ्फुसांत. टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांमध्ये ‘रिच मिक्श्चर’ म्हणजे काय, ट्यूनिंगनंतर धूर का वाढतो आणि ‘पीयूसी’च्या तपासणीत तो बहुधा का सापडत नाही, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

इंजिनाचा श्वास

इंधन एकटे जळत नाही, त्याला हवेतील प्राणवायू लागतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. डिझेलसाठी हे प्रमाण साधारण १४.५ किलो आहे. लिटरच्या हिशेबात सांगायचे तर एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी जवळजवळ ११ किलो, म्हणजे नऊ हजार लिटरहून अधिक हवा इंजिनाला ओढावी लागते. मोटार इंधनावर चालते असे आपण म्हणतो; वस्तुतः तिचे मुख्य खाद्य हवाच आहे.

या प्रमाणापेक्षा इंधन जास्त झाले, की त्या मिश्रणाला ‘रिच’ म्हणतात आणि हवा जास्त झाली की ‘लीन’. पूर्वी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून मेकॅनिक हे प्रमाण कानाच्या अंदाजाने जुळवीत. आता ते काम ‘ईसीयू’ हा छोटा संगणक करतो. किती हवा आत आली, ती किती तापली आहे, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, सायलेन्सरच्या वाटेवरील सेन्सर काय सांगतो आहे, हे सारे पाहून कोणत्या क्षणी किती इंधन फवारायचे, हे तो ठरवतो. त्यासाठीचे तक्ते त्याच्या स्मृतीत साठवलेले असतात. त्यांनाच ‘मॅप’ म्हणतात आणि ते बदलणे म्हणजे ‘रिमॅप’.

टर्बो काय करतो?

इंजिनाची ताकद वाढवायची तर इंधन वाढवावे लागते, आणि इंधन जळायचे तर हवा वाढवावी लागते. १,२४८ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असताना स्वतःच्या बळावर जेमतेम १,२५० लिटर हवा ओढू शकते. त्याहून अधिक हवा द्यायची तर ती बाहेरून दाबून भरली पाहिजे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून आत ढकलायची, ही टर्बोचार्जरची युक्ती. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. मोटारीतला टर्बो मुठीएवढा असतो. पण त्याचे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरते.

महाराष्ट्राशी या तंत्राचे नाते जवळचे आहे. नाशिकला तयार होणारी ‘स्कॉर्पिओ’ २००२ मध्ये बाजारात आली ती टर्बो डिझेल इंजिन घेऊनच. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेली ‘ऑक्टाव्हिया आरएस’ ही देशातील सुरुवातीच्या टर्बो पेट्रोल मोटारींपैकी एक. फियाटचे १.३ लिटरचे ‘मल्टिजेट’ डिझेल इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावला बनू लागले, तर मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यात बनलेले त्याचेच भावंड ‘स्विफ्ट’मध्ये बसले. या एका इंजिनाने टर्बो हा शब्द मध्यमवर्गीय घरांत नेऊन पोहोचवला.

‘स्विफ्ट’मध्ये हे इंजिन ७५ अश्वशक्ती देत असे. त्याच १,२४८ सीसीच्या इंजिनाला बदलत्या पात्यांचा टर्बो जोडला, की ते ९० अश्वशक्ती देई. त्यामुळे आपल्याही गाडीत ताकद दडलेली आहे, कंपनीने ती मुद्दाम बांधून ठेवली आहे, ही समजूत पसरली. १ एप्रिल २०२० रोजी ‘बीएस-६’ मानके लागू होताना मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. आता या गाड्या सेकंडहँड बाजारात पहिली नोकरी लागलेल्या तरुणाच्याही आवाक्यात आल्या आहेत आणि ट्यूनिंगच्या हौसेला सोपे सावज मिळाले आहे.

डिझेल : इंधन आधी, हवा नंतर

पेट्रोल आणि डिझेल इंजिनांचा स्वभाव भिन्न आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की प्रथम हवेची झडप उघडते आणि हवेच्या मापाने इंधन दिले जाते. डिझेल इंजिनात ॲक्सिलरेटरचा हुकूम मुख्यतः इंधनावर चालतो. हवा तेथे नेहमी गरजेपेक्षा जास्त ठेवलेली असते. कारण डिझेलचे थेंब ऐन स्फोटाच्या वेळी फवारले जातात आणि प्रत्येक थेंबाला हवेत मिसळण्यासाठी क्षणाचाही पुरता अवधी नसतो. हवा चोहोकडे मुबलक असेल तरच सारे थेंब जळतात. हवेचे प्रमाण इंधनाच्या १८ ते २० पटींच्या खाली उतरू लागले, की थेंबाचा गाभा प्राणवायूवाचून केवळ भाजून निघतो आणि त्याची काजळी होते. हाच तो काळा धूर.

कंपनीचे अभियंते म्हणूनच ईसीयूमध्ये ‘स्मोक लिमिट’ नावाची मर्यादा आखून देतात. चालकाने ॲक्सिलरेटर तळाशी टेकवला तरी हवा आली असेल तेवढेच इंधन सोडायचे, असा तो नियम. टर्बोला गती घेण्यास क्षण-दोन क्षण लागतात. त्यालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात. त्या काळात इंजिन चालकाला आळशी वाटते. प्रत्यक्षात ते हवेची वाट पाहत असते.

घाईने केलेल्या ट्यूनिंगमध्ये पहिला बळी या मर्यादेचा जातो. इंधन तत्काळ वाढवले जाते. हवा मात्र टर्बोच्या गतीनेच येते. सिग्नल सुटताना किंवा चढावर दिसणारा काळा भपकारा हा त्या मधल्या क्षणाचा हिशेब असतो. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त ‘ट्यूनिंग बॉक्स’चे काम तर याहून ढोबळ असते. इंधनाच्या नळीतील दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये ही डबी जोडतात. ती ईसीयूला दाब कमी असल्याचे खोटेच सांगते. ईसीयू बिचारा दाब वाढवतो आणि प्रत्येक फवाऱ्यात ठरल्यापेक्षा जास्त डिझेल जाते. ईसीयूच्या हिशेबवहीत मात्र सारे आलबेल असते! खोट्या मापावर चाललेल्या दुकानासारखीच ही अवस्था आहे.

पेट्रोल : थंडाव्यासाठी जादा इंधन

टर्बो पेट्रोल इंजिनात ‘रिच’ मिश्रणामागे वेगळे कारण असते. दाबून भरलेली हवा तापते. तशा हवेत पेट्रोल ठिणगी पडण्याआधी किंवा ठिणगीनंतर भलत्याच ठिकाणी पेट घेऊ शकते. त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात आणि त्याचे घाव पिस्टनवर हातोड्यासारखे बसतात. शिवाय पूर्ण जोरात धावताना बाहेर पडणारे वायू ९०० अंश सेल्सियसच्या पुढे जातात आणि टर्बोच्या चक्राला ते सोसावे लागते. अशा वेळी थोडे जादा पेट्रोल फवारले, की त्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडण्यामागचे तत्त्व तेच आहे. पूर्ण भाराखाली १४.७ ऐवजी १२ पट हवेवर इंजिन चालवणे त्यामुळे ट्यूनिंगच्या जगात रूढ आहे.

याची किंमत अशी, की १२ पट हवा दिली तर जवळपास पाचव्या हिश्श्याइतक्या पेट्रोलच्या वाट्याला पुरता प्राणवायू येत नाही. ते अर्धवट जळते आणि त्यातून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. या विषारी वायूला रंग नाही की वास नाही. पेट्रोल गाडीतून काळा धूर डोळ्यांनी दिसू लागला, तर मिश्रण याहूनही कितीतरी ‘रिच’ झाले आहे, असे समजावे.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. पेट्रोल इंजिनात जादा इंधन थंडावा देते; डिझेल इंजिनात मात्र जादा इंधन म्हणजे जादा उष्णता. कारण डिझेलमध्ये हवा शिल्लक असते आणि वाढवलेले बरेचसे इंधन जळतेच. पेट्रोल टर्बोचा ‘थोडे रिच ठेवा, इंजिन सुरक्षित राहील’ हा सल्ला डिझेल गाडीला लावला, तर धूर वाढतो आणि पिस्टन व टर्बो दोन्ही भाजून निघतात. एकच शब्द, पण दोन इंजिनांत दोन परिणाम.

पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक बदल झाला आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगभूतच असल्याने त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. या मिश्रणासाठी योग्य प्रमाण १४.७ नव्हे, तर साडेतेराच्या आसपास येते. साध्या वेगात सेन्सर ही तफावत भरून काढतो. पूर्ण जोरात मात्र इंजिन बहुधा तक्त्यावरच चालते. जुन्या पेट्रोलवर बेतलेला मॅप आज जसाच्या तसा गाडीत भरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

फट्-फट् आवाजाची हौस

ॲक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज यावेत, म्हणूनही मॅप बदलले जातात. ठिणगी उशिरा पाडायची आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या तप्त नळीत पेटू द्यायचे, असा हा प्रकार. पण त्याच वाटेवर ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ बसवलेला असतो. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो आणि तो विषारी वायूंचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी वायूंत करतो. कच्चे पेट्रोल त्याच्या आत पेटले, की जाळी वितळते. वितळलेली जाळी वाट अडवते, मग ‘अडथळा’ म्हणून कन्व्हर्टरच कापून टाकला जातो. हौस आवाजाची असते. जातो तो गाडीचा एकमेव गाळण संच.

‘बीएस-६’ डिझेल गाड्यांतील काजळी अडवणाऱ्या ‘डीपीएफ’ची कथाही अशीच. हा फिल्टर काजळी साठवतो आणि ठरावीक अंतरानंतर सुमारे ६०० अंश सेल्सियसला ती जाळून स्वतःला मोकळे करतो. त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. काटई-बदलापूर मार्गावर खोणी किंवा नेवाळी नाक्याच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या गाडीला हे साधत नाही आणि फिल्टर तुंबतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर नेणे किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये फिल्टर स्वच्छ करून घेणे, हा त्यावरचा उपाय. तो पोकळ करून सॉफ्टवेअरमधून त्याचे अस्तित्व पुसणे हा उपाय नव्हे.

धुराचे रंग ओळखा

प्रत्येक धूर ट्यूनिंगचा नसतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. धुळीने तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा फाटलेला रबरी पाइप, हवा मोजणारा मळलेला सेन्सर, गळका इंजेक्टर किंवा अडकलेली ‘ईजीआर’ झडप यांपैकी कशानेही मूळ अवस्थेतील गाडीही काळा धूर सोडू शकते. ट्यून केलेल्या गाडीत वाढलेल्या दाबामुळे हा रबरी पाइप फाटण्याचे किंवा क्लिपमधून निसटण्याचे प्रकार अधिक घडतात. अचानक धूर वाढला आणि पिकअप गेला, तर प्रथम हा पाइप पाहावा.

निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. टर्बोचे सील गेले किंवा पिस्टन रिंगा झिजल्या, की तो दिसतो. पांढरा धूर मात्र दोन प्रकारचा असतो. हिवाळ्यात बदलापूरकडे पहाटे गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निघणारी आणि गाडी तापताच नाहीशी होणारी पांढरी वाफ हे निव्वळ पाणी होय. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण तेवढेच पाणी तयार होते. याउलट इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर गॅस्केट तपासून घ्यावे.

पीयूसी पास, तरीही धूर?

‘माझ्याकडे पीयूसी आहे’ हे उत्तर अशा वेळी हमखास मिळते. ते खोटे असेलच असे नाही. पेट्रोल गाडीची तपासणी ती उभी असताना होते. ‘बीएस-४’ आणि त्यापुढील गाड्यांसाठी आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. त्यानंतर इंजिन २,५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून पुन्हा मोजणी होते. परंतु उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, टर्बो दाब धरत नाही आणि मॅपमधील ‘रिच’ भागापर्यंत इंजिन पोहोचतच नाही. घरी शांत बसलेल्या माणसाची नाडी पाहून तो धावताना किती दमतो, हे सांगण्यासारखाच हा प्रकार आहे.

डिझेल गाडीची तपासणी तुलनेने कडक असते. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबून धुराची दाटी मोजली जाते. ‘बीएस-४’पूर्वीच्या गाड्यांना ६५ आणि ‘बीएस-४’ गाड्यांना ५० हार्ट्रिज युनिटची मर्यादा आहे. याचा सोपा अर्थ असा, की ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरलेल्या धुरातून जाणारा प्रकाश अनुक्रमे ६५ व ५० टक्क्यांहून अधिक अडता कामा नये. पण येथेही इंजिनाला फिरवायचे असते ते केवळ स्वतःला. चार प्रवासी घेऊन चढावर निघालेल्या गाडीचा भार त्यावर नसतो. म्हणजे केंद्रावर पास झालेली गाडी रस्त्यावर लोट सोडू शकते आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

सॉफ्टवेअर काय करू शकते, याचा जगाने पाहिलेला मोठा धडा फोक्सवॅगनचा. प्रयोगशाळेत चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते सभ्य वागणारे सॉफ्टवेअर या कंपनीच्या डिझेल मोटारींत असल्याचे अमेरिकेत सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने भारतातील गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. त्यानंतर कंपनीने भारतात तीन लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला; सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. येथे धूर दिसत नव्हता, हे ध्यानात घ्यावे. नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी यांचे डिझेल इंजिनात साटेलोटे असते. एक दाबायला जावे तर दुसरे डोके वर काढते. दोन्ही आवाक्यात ठेवणारा मॅप तयार करणे हे म्हणूनच मोठ्या प्रयोगशाळांचे दीर्घ काळाचे काम असते. गॅरेजमध्ये अर्ध्या तासात लॅपटॉप जोडून ते होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्याला कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिन्यांसाठी परवान्यास अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर दावा अडचणीत येऊ शकतो, तो भाग निराळाच.

मागे उभे असलेल्यांचा हिशेब

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेच्या मानकांत सातत्याने न बसणाऱ्या देशभरातील १०२ शहरांच्या पहिल्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे होती. या पट्ट्यातील हवा केवळ ट्यून केलेल्या मोटारींनी बिघडवलेली नाही. औद्योगिक वसाहती, रस्त्यांची धूळ, बांधकामे, कचऱ्याला लागणाऱ्या आगी यांचा त्यात वाटा आहे, आणि अवजड वाहनांचाही. ट्यून केलेल्या गाड्या या गर्दीत मूठभरच असतील.

तथापि काजळीचा प्रश्न केवळ एकूण बेरजेचा नसतो. ती कोठे आणि कोणाच्या तोंडासमोर सोडली जाते, यालाही महत्त्व आहे. उंच चिमणीचा धूर वाऱ्याबरोबर पसरत खाली येतो. मोटारीचा सायलेन्सर मात्र जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर असतो. आईचे बोट धरून चाललेल्या मुलाचे नाक त्याच पातळीच्या जवळ असते. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरमध्ये सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. दुकाने रस्त्याला टेकलेली, घरे दुकानांच्या डोक्यावर. अशा गल्लीत सोडलेला लोट पसरायला जागाच नसते. दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, चौकात उभा असणारा वाहतूक पोलीस, रिक्षाचालक आणि दुचाकीस्वार हे त्याचे रोजचे धनी होतात.

डिझेलच्या काजळीचे कण बहुतांशी एका मायक्रॉनहूनही लहान असतात. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. नाकातील केस व कफ यांना चुकवून हे कण फुफ्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. सिगारेट ओढणारा निदान स्वतःच्या मर्जीने ओढतो. सिग्नलवर मागे उभे असलेल्याला ती निवड नसते.

हौस असावी, पण...

मोटारीची हौस हा गुन्हा नव्हे. रस्त्यावर न धावणाऱ्या, केवळ शर्यतीच्या ट्रॅकवरील गाड्यांचे जग वेगळे आहे. रोजच्या गाडीबाबत मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. पिकअप कमी वाटत असेल, तर ट्यूनिंगचा विचार करण्याआधी एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, इंजेक्टर आणि सेन्सर तपासून घ्यावेत. हरवलेली ताकद पुष्कळदा तेथेच सापडते. ईसीयूच्या वायरीत जोडायच्या डबीपासून दूर राहावे. कन्व्हर्टर किंवा डीपीएफ काढण्याचा सल्ला देणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी ठेवू नये. सेकंडहँड टर्बो गाडी घेताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. दाट, कोरडी काजळी हाताला लागली तर विक्रेत्याला चार प्रश्न जास्त विचारावेत. शक्य तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूचे सॉफ्टवेअर मूळचेच आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

चांगल्या ट्यूनिंगची खूण काय, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. हवेच्या मापाने इंधन देणारी, पूर्ण जोरातही सायलेन्सर स्वच्छ ठेवणारी गाडी. जाणकार अभियंते ताकद मोजताना धूरही मोजतात, कारण धूर वाढला म्हणजे हिशेब चुकला, हे त्यांना ठाऊक असते. पुढच्या वेळी फॉरेस्ट नाक्यावर काळा लोट सोडत कुणी पुढे निघाला, तर तो जिंकला असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या टाकीतील पैशांचा तो धूर आहे. दुर्दैवाने त्याची खरी किंमत मात्र मागे उभा असलेला मोजतो.